धरण ते किचनचा नळ: सोसायटीचं पाणी सांभाळायला नव्याने आलेल्यांसाठी

सोसायटीच्या कमिटीत पहिल्यांदा निवडून आलात आणि पाण्याचं काम तुमच्याकडे आलं, की हातात पंपरूमची किल्ली, टँकरवाल्याचा नंबर आणि टाकी धुण्याचं मागचं बिल एवढंच पडतं. पाणी किती आलं, कधी आलं, मोटर किती वेळ चालली याची चर्चा रोज होते. ते प्यायला सुरक्षित आहे का, हा प्रश्न मात्र इमारतीत दोन-चार जणांना कावीळ झाल्यावरच निघतो. तोवर उशीर झालेला असतो.

मी अनेक वर्षं पाणी तपासणीच्या कामात होतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांची माणसं बाटलीत पाणी घेऊन यायची आणि विचारायची, "हे चांगलं आहे ना?" त्या एका बाटलीवरून फार थोडं सांगता येतं. पाणी सुरक्षित ठेवायची पद्धत वेगळी आहे. मोठ्या पाणीपुरवठा यंत्रणा ती वापरतात आणि सोसायटीलाही ती जशीच्या तशी लावता येते. ती पायरीपायरीने सांगतो.

आधी पद्धतीमागचं कारण

पाण्यात मैला मिसळल्याची खूण म्हणजे ई. कोलाय जिवाणू. प्रयोगशाळेत तो शोधायचा तर नमुना उबवावा लागतो. अहवाल हाती यायला एक ते दोन दिवस जातात. ठाण्यातल्या एखाद्या जलकुंभातून सोमवारी सकाळी सुटलेलं पाणी दुपारपर्यंत लोकांच्या पोटात गेलेलं असतं आणि अहवाल येतो बुधवारी. शेवटच्या टोकाला तपासून पाणी सुरक्षित होत नाही. चूक झाली होती एवढंच त्यातून कळतं.

हाच पेच १९६०च्या दशकात अंतराळवीरांचं अन्न तयार करणाऱ्यांपुढे होता. प्रत्येक पाकीट फोडून तपासलं तर खायला काहीच उरत नाही. म्हणून त्यांनी अन्न तयार होण्याच्या वाटेवर जिथे जिथे घोळ होऊ शकतो त्या जागा शोधल्या आणि त्या जागांवर पहारा ठेवला. अन्नप्रक्रिया उद्योगाने ती पद्धत पुढे उचलली. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत तिला जागा दिली. तिला जलसुरक्षा आराखडा म्हणतात. पाणलोट क्षेत्रापासून ग्राहकाच्या नळापर्यंतची सगळी वाट त्यात धरलेली असते.

महापालिकेची जबाबदारी साधारण तुमच्या मीटरपाशी संपते. त्यापुढची जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि उभे पाइप हे सगळं तुमचं. माझ्या मते शहरी इमारतींत धोक्याचा मोठा वाटा याच शेवटच्या तुकड्यात असतो आणि त्याच्यावर कोणाचीच नजर नसते.

पायरी १: पाण्याची वाट कागदावर काढा

एक मोठा कागद घ्या. वरच्या टोकाला तुमच्या पाण्याचा उगम लिहा. आपल्याकडे हे प्रत्येक भागाला वेगळं आहे. त्यामुळे "धरणातून येतं" एवढ्यावर थांबू नका.

नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ते रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. तिथलं पाणी भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होऊन बेलापूर, नेरूळ, वाशीकडे येतं. दिघा-ऐरोली पट्ट्यात काही ठिकाणी एमआयडीसीचं पाणी आहे. ते बारवी धरणातून नदीत सोडतात आणि बदलापूरजवळ जांभूळला उचलून शुद्ध करतात. उलवे, द्रोणागिरी, खारघर या बाजूला सिडको पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचंही पाणी देते. ठाणे शहराचं पाणी तर चार वाटांनी येतं. महापालिकेची स्वतःची योजना भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून पाणी उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी उल्हास नदीतून शहाडला पाणी घेते. कळवा, मुंब्रा, दिवा या भागांत एमआयडीसीचा पुरवठा आहे. आणि काही पाणी मुंबई महापालिकेकडून मिळतं.

हा फरक महत्त्वाचा का? कारण धरणापासून शुद्धीकरण केंद्राकडे बंद नळातून आलेल्या पाण्याला वाटेत कोणी हात लावत नाही. नदीच्या पात्रातून वाहत आलेलं पाणी मात्र वाटेतली गावं, नाले, गुरं, कपडे धुण्याचे घाट सगळं पाहत येतं. उल्हास नदीत उन्हाळ्यात जलपर्णी माजते, ती या सांडपाण्याच्या खतावरच. तुमचं पाणी यातल्या कुठल्या वाटेने येतं ते वॉर्डातल्या पाणीपुरवठा विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा. कुठल्या जलकुंभातून तुम्हाला पाणी सुटतं, किती वाजता सुटतं आणि तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. व्हॉल्व्हमनशी ओळख ठेवा. गल्लीतली लाइन कुठे फुटली, कुठे जोडली, हे त्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

मग कागदाचा खालचा अर्धा भाग भरा. मीटर, तिथून येणारा पाइप, जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरच्या टाक्या, कुठल्या विंगला कुठली टाकी. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी कुठे पडतं ते वेगळ्या रंगाने दाखवा. आणि सांडपाण्याची लाइन, चेंबर, सेप्टिक टँक हेही त्याच कागदावर काढा. दोन्ही रेषा जिथे जवळ येतात तिथे गोल करा.

हा नकाशा जिन्यात बसून काढू नका. प्रत्येक झाकण उघडून, वाकून पाहून काढा.

पायरी २: प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकतं ते लिहा

यंत्रणा हे कसं करते ते आधी पाहू, कारण तुमच्या टाकीचे धोके त्यावरून लवकर उमजतात.

उगमापाशी सगळ्यात मोठी भीती सांडपाण्याची. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचं पाणी वझिराबादच्या उद्भवापाशी, म्हणजे शहरासाठी नदीतून पाणी उचलतात त्या जागी, शिरलं. शुद्धीकरण केंद्रात माणसं झोपलेली नव्हती, त्यांनी तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली होती. त्या मात्रेने विषमज्वराचे जिवाणू आटोक्यात राहिले, त्याची साथ आली नाही. काविळीचा विषाणू मात्र निसटला. तो हिपॅटायटिस ई होता हे शास्त्रज्ञांना फार पुढे कळलं. अभियंत्यांनी त्यातून घेतलेला धडा असा की एकाच अडथळ्यावर विसंबायचं नाही. उद्भव स्वच्छ हवा, गाळणी नीट हवी, क्लोरीन पुरेसा हवा आणि पाइप बंद हवा. एक कमी पडला तर दुसऱ्याने धरावं.

शुद्धीकरण केंद्रात पहिल्या पावसाचे दिवस सर्वांत अवघड. जूनमध्ये डोंगरउतारावरची माती एकदम नदीत येते आणि पाण्याचा गढूळपणा एका रात्रीत कितीतरी पट वाढतो. अशा सकाळी केंद्रावरचा केमिस्ट जार टेस्ट लावतो. सहा काचेची भांडी एका रांगेत, प्रत्येकात तेच गढूळ पाणी आणि प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा. यंत्राच्या पात्या आधी मिनिटभर जोरात फिरतात, मग पंधरा-वीस मिनिटं सावकाश. बघता बघता पाण्यात कापसासारखे पुंजके धरू लागतात. पात्या थांबल्या की ते खाली बसतात. पहिल्या भांड्यात पाणी अजून चहासारखं, चौथ्यात स्वच्छ, सहाव्यात पुन्हा धूसर, कारण तुरटी जास्त झाली. चौथ्या भांड्याची मात्रा त्या दिवशी प्लँटला लागू होते. पाऊस वाढला की पुन्हा जार टेस्ट. हे काम मला फार आवडायचं. डोळ्यांसमोर निर्णय होतो आणि काही तासांत तो लाखो घरांत पोहोचतो.

तुरटीनंतर पाणी वाळूच्या गाळणीतून जातं. गढूळपणा घालवायचा तो दिसायला वाईट म्हणून नव्हे. मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू नेहमीच्या क्लोरीनला जुमानतच नाहीत, त्यांना गाळणीनेच अडवावं लागतं. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात याच जंतूने सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडलं. म्हणून गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा केंद्रात सतत मोजतात. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे तो १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं माप) आत हवा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात.

शेवटी क्लोरीन. त्याला जंतू मारायला वेळ लागतो, साधारण अर्धा तास. आणि तो थोडा शिल्लक राहायला हवा, कारण पुढे मैलोगणती पाइप आहेत. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत आलेला पहारेकरी. ग्राहकाच्या नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं मानक सांगतं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५.

आता वितरण. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. पाणी गेलं की पाइपातला दाब उतरतो. पाइप गटाराच्या कडेने किंवा नाल्यातून गेला असेल आणि सांधा सैल असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटलं की ते सर्वांत आधी पोहोचतं, म्हणून सुरुवातीची पाच-दहा मिनिटं सर्वांत जोखमीची. शटडाऊननंतर तर हे नक्कीच होतं. ठाण्यात देखभालीसाठी २४ तासांचा शटडाऊन जाहीर होतो, त्यानंतर एक-दोन दिवस कमी दाबाने आणि गढूळ पाणी येतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

या दाबाच्या गणितात आपणही भर घालतो. काही इमारती मुख्य लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढतात. ते बेकायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ती मोटर पाइपात उलटा दाब तयार करते आणि आजूबाजूच्या प्रत्येक भेगेतून गटार आत खेचते. ते पाणी मोटर लावणाऱ्याच्या टाकीत येतं आणि शेजाऱ्यांच्याही. तुमच्या इमारतीत अशी मोटर असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती काढा.

इमारतीतले धोके आता तुम्हीच लिहू शकाल. जमिनीखालच्या टाकीचं झाकण आवाराच्या पातळीला असेल तर पावसात आवारातलं पाणी आत जातं. ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात सोडला असेल तर गटार तुंबल्यावर उलटं येतं. बोअरवेलची लाइन आणि पिण्याची लाइन एका कॉकने जोडलेली असते, "अडचणीला असू दे" म्हणून, आणि तो कॉक कधीतरी उघडा राहतो. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालेलं असतं आणि त्यावर कबुतरं बसतात. टँकरचा होज आवारातल्या चिखलात पडतो आणि तसाच टाकीत जातो.

पायरी ३: धोक्यांना क्रम लावा

यादी लांब होते आणि फंड मर्यादित असतो. यंत्रणा यासाठी साधा गुणाकार करतात. घडण्याची शक्यता १ ते ५, परिणामाची तीव्रता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. समजा, सांडपाण्याचं चेंबर टाकीला लागून आहे आणि दर पावसाळ्यात तुंबतं: शक्यता ४, तीव्रता ५, गुण २०. गच्चीवरच्या टाकीला रंग नाही: शक्यता ५, तीव्रता १, गुण ५. पैसे कुठे घालायचे हे सभेत समजावून सांगायला याहून सोपी गोष्ट नाही. गुण देताना वॉचमन आणि प्लंबर यांना बोलवा. चेंबर किती वेळा तुंबतं हे त्यांनाच माहीत असतं.

पायरी ४: क्लोरीन चार ठिकाणी मोजा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

क्लोरीन तपासायचं किट स्वस्त मिळतं. पिवळा रंग दाखवणारं ओटी द्रावण आपल्याकडे जुनं आहे. गुलाबी रंग दाखवणारं डीपीडी किट अधिक भरवशाचं, तेच घ्या. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात एक गोळी, हलवा आणि रंग पट्टीशी जुळवा. सावलीत उभं राहून, पांढऱ्या कागदासमोर नळी धरून पाहिलं की रंग नीट कळतो. तपासलेलं पाणी मोरीत ओता, ते कोणी पिऊ नये.

पाणी सुटून अर्धा तास झाला की या क्रमाने मोजा: मीटरजवळ येणारं पाणी, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, आणि सर्वांत लांबच्या फ्लॅटमधला किचनचा नळ. चार आकडे एका ओळीत लिहा. क्लोरीन जिथे नाहीसा होतो, तिथे काहीतरी त्याला खातंय.

समजा मीटरपाशी ०.५ आहे, खालच्या टाकीत ०.४ आहे आणि गच्चीवर शून्य. मग गच्चीवरची टाकी घाण आहे किंवा गरजेपेक्षा मोठी आहे आणि पाणी तिथे दोन दोन दिवस पडून राहतंय. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या टाकीत क्लोरीन झपाट्याने उडतो, तेव्हा हे जास्त दिसतं. समजा मीटरपाशी ०.५ आणि खालच्या टाकीत शून्य. ही घंटा आहे. टाकीत गाळ साठलाय किंवा बाहेरून घाण झिरपतेय. त्या दिवशी लोकांना पाणी उकळायला सांगा आणि टाकी रिकामी करून आतून पाहा. समजा टाक्यांपर्यंत सगळं ठीक आणि एकाच विंगच्या नळांना शून्य. त्या विंगचा उभा पाइप तपासा. एखाद्या फ्लॅटमध्ये नूतनीकरण करताना बोअरवेलची लाइन जोडली गेली असण्याची शक्यता असते.

आणि मीटरपाशीच शून्य असेल, तर तुमच्याकडे तक्रारीला लागणारी सर्वांत चांगली गोष्ट आहे: तारीख, वेळ आणि आकडा. शेजारच्या दोन इमारतींतही मोजा. नवी मुंबईत विभाग कार्यालयात, ठाण्यात प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागात लेखी द्या आणि नमुना घ्यायला माणूस पाठवा म्हणा. "पाणी खराब येतंय" या वाक्याने जे होत नाही ते तीन इमारतींच्या आकड्यांनी होतं. अभियंत्यालाही त्यातून गळती कुठल्या गल्लीत आहे याचा अंदाज येतो.

किती वेळा मोजायचं? मीटरजवळ आणि एका नळाला रोज, चारही ठिकाणी आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात आणि प्रत्येक शटडाऊननंतर चारही ठिकाणी. सुरक्षारक्षकाला शिकवलं तर तोही हे नीट करतो.

पायरी ५: बिघडलं तर काय करायचं, हे आधीच ठरवा

सकाळी सहा वाजता पाण्याला वास येतोय असा फोन येतो, तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून पंपरूममध्ये एक कागद चिकटवा. वास, रंग किंवा शून्य क्लोरीन दिसला की आधी गच्चीवर पाणी चढवणारा पंप बंद. मग टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद. मग सोसायटीच्या ग्रुपवर निरोप: पिण्याचं पाणी उकळून घ्या. उकळणं म्हणजे खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. निरोप दोन ओळींचाच हवा, आणि तो कोण पाठवणार, ते नाव कागदावर हवं.

शटडाऊननंतरचं पहिलं पाणी टाकीत न घेता बाहेर सोडता यावं म्हणून टाकीच्या तोंडाआधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. बादलीत पाणी घेऊन पाहायचं, स्वच्छ दिसलं आणि क्लोरीन आला की टाकीकडे वळवायचं. गढूळ पाणी बागेला.

पायरी ६: टाकी

वर्षातून दोनदा टाक्या धुवा, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा नंतर. पण धुण्याआधी भिंती पाहा. पावसाळ्यात टाकी रिकामी केल्यावर आतून एखाद्या जागी ओल फुटत असेल तर जमिनीतलं पाणी आत येतंय. उन्हाळ्यात हे तपासायचं तर रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर टाकी गळते. आणि जी टाकी कोरड्या दिवसांत बाहेर गळते, ती ओल्या दिवसांत आत घेते. सांडपाण्याचं चेंबर त्याच बाजूला असेल तर पायरी ३ मधले गुण पुन्हा द्या.

धुऊन झाल्यावर निर्जंतुक करायला टीसीएल पावडर लागते, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या गोणीतली पावडर महिन्यागणिक मवाळ होत जाते, म्हणून ताजी घ्या. टाकी भरून लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन करायचा, म्हणजे १० हजार लिटरला सुमारे दीड किलो पावडर. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी टाकीत घाला. किमान ४ तास ठेवा, मग सगळं सोडून द्या आणि एकदा साध्या पाण्याने धुवा. हे पाणी नळाला जाऊ नये म्हणून खाली जाणारे व्हॉल्व्ह आधी बंद झालेत ना, हे स्वतः पाहा.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची नाही, माणसाची आहे. जमिनीखालच्या बंद टाकीत उतरून गुदमरून कामगार दगावल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात. सगळी झाकणं बऱ्याच वेळ आधी उघडा, पंख्याने हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि वर एक माणूस सतत हजर. पावडर टाकल्यावर कोणीही आत उतरायचं नाही. टाकीत पेट्रोलचा पंप उतरवायचा नाही. कंत्राटदार याला वेळ लावतो म्हणाला तर दुसरा कंत्राटदार पाहा.

पायरी ७: प्रयोगशाळा आणि वही

मग प्रयोगशाळेच्या तपासणीचा उपयोग काय? तुमचे अडथळे खरंच काम करताहेत का, याची ती पडताळणी आहे. वर्षातून तीन-चार वेळा, त्यातली एकदा जून-जुलैत नक्की, नळाच्या पाण्याचा नमुना द्या. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि तिच्या तळाशी क्लोरीन मारणारं औषध असतं, त्यामुळे ती विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड पुसा आणि ज्योतीने भाजा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बोट न लावता भरा. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी, शक्यतो सहा तासांत पोहोचवा. दोन दिवस डिकीत फिरलेल्या बाटलीचा अहवाल कशालाच उपयोगी नाही. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळला नाही असं असायला हवं. इथे थोडंफार चालतं असं काही नसतं.

रोजचे आकडे वहीत लिहा आणि जे मोजलं तेच लिहा. हे आवर्जून सांगतोय त्याला कारण आहे. २००० साली मे महिन्यात कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात मुसळधार पावसाने शेणखताची घाण विहिरीत गेली. ७ माणसं दगावली, २,३०० हून अधिक आजारी पडली. तिथले कर्मचारी क्लोरीन रोज मोजतच नव्हते, रकान्यात अंदाजे आकडे भरत होते. खरा शून्य एकदा जरी लिहिला गेला असता तर कोणीतरी हललं असतं. तुमच्या सुरक्षारक्षकाने "आज मोजायचं राहिलं" असं लिहिलं तर त्याला रागावू नका. सलग महिनाभर ०.५, ०.५, ०.५ लिहिलेलं दिसलं तर मात्र किट घेऊन त्याच्या शेजारी उभे राहा.

पायरी ८: घरातलं पाणी

इथे लोक सर्वांत जास्त पैसे घालतात आणि सर्वांत जास्त फसतात. विक्रेता दारात येतो, टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. आयएस १०५०० प्रमाणे ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि मोरबे, भातसा, बारवीच्या पाण्यात ते मुळातच कमी असतात. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. गटार मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस कमी येऊ शकतो. त्यामुळे फक्त पालिकेचं पाणी येणाऱ्या घराला आरओची गरज सहसा नसते. बोअरवेलचं किंवा टँकरचं खारं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

आरओ घेतलाच असेल तर एवढं ध्यानात ठेवा: त्यातून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. त्याच्या टाकीत साठलेल्या पाण्याला मग कुठलंच संरक्षण नसतं. आठवडाभर गावाला जाऊन आलात तर ती टाकी पूर्ण रिकामी करा. फिल्टर वेळेवर बदला.

आणि इमारतीत आठवड्याभरात दोन वेगवेगळ्या घरांत कावीळ किंवा जुलाब दिसले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी चारही ठिकाणी क्लोरीन मोजा, पाणी उकळायचा निरोप द्या आणि महापालिकेच्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा. कुठल्या मजल्यावर, कुठल्या विंगमध्ये, कधीपासून, हे सांगा आणि सोबत पायरी १ चा नकाशा न्या. कावीळ पाणी प्यायल्यावर दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून मागच्या दोन महिन्यांत शटडाऊन कधी झाला, लाइन कुठे फुटली, टँकर कधी आले, हे तुमच्या वहीतून काढून त्यांच्यापुढे ठेवा.